स्टीलची चाके घरी रंगवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलॉय रिमचा बोलबाला कितीही झाला, तरी आपल्याकडच्या असंख्य लहान गाड्या, जीप आणि पिकअप आजही साध्या स्टीलच्या रिमवरच धावतात. अलॉय असलेल्या गाड्यांचीही स्टेपनी पुष्कळदा स्टीलचीच असते. कारखान्यातून येताना या रिमवर फॉस्फेटचा थर आणि त्यावर विजेच्या साहाय्याने चढवलेला प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, असतो. हा प्रायमर कानाकोपऱ्यांत पोचलेला असल्यामुळे पहिली काही वर्षे गंजाची चिंता नसते. खडीचे टवके उडाले, चिखल साचून राहिला आणि त्यात समुद्रकाठची खारी हवा लागली, की मात्र गंज धरतो. पुढील उत्तरे टायर न काढता किंवा टायरवाल्याकडून काढून घेऊन घरच्या अंगणात काम करू इच्छिणाऱ्यांसाठी आहेत.

रिम रंगवण्याजोगी आहे की बदलण्याजोगी, हे कसे ओळखावे?

स्टीलची रिम दोन भागांची असते : टायर ज्यावर बसतो तो बाहेरचा गोल पट्टा आणि नटांची भोके असलेली मधली तबकडी. हे भाग वेल्डिंगने जोडलेले असतात, आणि चिखल-पाणी सर्वांत जास्त वेळ अडकून राहते ते याच जोडापाशी. त्यामुळे पाहणीची सुरुवात तेथूनच करावी, आणि तीही चाक उलटे करून, आतल्या बाजूने. दर्शनी बाजूचा लालसर थर पुष्कळदा वरवरचा असतो, तर आतल्या बाजूला पापुद्रे सुटलेले असतात.

तारेच्या ब्रशने गंज खरवडल्यावर खाली घट्ट, करडा धातू लागला आणि बारीक ठिपक्यांपलीकडे काही दिसले नाही, तर रिम रंगवण्याजोगी आहे. पापुद्रे निघतच राहिले, खड्डे खोल असले किंवा कड चाकूसारखी पातळ झाली असली, तर रंगावर खर्च करू नये. नटांच्या भोकांभोवती, तबकडीतल्या झरोक्यांच्या कडांवर आणि वेल्डिंगच्या रेषेवर केसासारखी भेग दिसते का, हे चांगल्या उजेडात पाहावे. नटाचे भोक गोल न राहता लांबट झाले असेल, तर ती रिम कधीतरी सैल नटांवर धावलेली आहे असे समजावे. भेग गेलेली किंवा भोक लांबट झालेली रिम वेल्डिंग मारून वापरू नये. ती भंगारात द्यावी. रंगाने भेग बुजत नाही, ती फक्त झाकली जाते, आणि पुढच्या खेपेस चाक पाहणाऱ्या मेकॅनिकलाही ती दिसत नाही.

टायर काढणे आवश्यक आहे का?

केवळ दर्शनी बाजू आणि तबकडीची मागची बाजू रंगवायची असेल, तर नाही. मात्र ट्यूबलेस टायरमधून हवा हळूहळू कमी होत असेल आणि पंक्चर सापडत नसेल, तर टायरची कड जेथे रिमला चिकटते त्या पट्टीवर गंज असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी टायर काढल्यावाचून पर्याय नाही. ती पट्टी गुळगुळीत घासून तिच्यावर प्रायमरचा एकच पातळ हात द्यावा. तेथे रंगाचे जाड थर चढवले, तर टायर चढवताना ते सोलले जातात आणि हवा पुन्हा त्याच वाटेने निसटू लागते.

नवे टायर घ्यायचे असतील, तर रंगकाम त्याच सुमारास काढावे. जुना टायर तसाही उतरणार असतो, रिम मोकळी मिळते आणि रबरी व्हॉल्व्हही त्याच वेळी बदलून घेता येतो.

हे काम कोणत्या दिवसांत करावे?

या एका प्रश्नावर रंगाचे निम्मे आयुष्य अवलंबून आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. लोक मात्र भारी रंगाच्या शोधात असतात आणि जुलैमध्ये, दोन सरींच्या मधल्या उघडिपीत, डबा उघडतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना धातूवर रंग चढवू नये, आणि धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावे, हा औद्योगिक रंगकामातील सर्वमान्य नियम आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवा पुष्कळदा या मर्यादेच्या पलीकडे असते. शिवाय स्प्रेच्या रंगातील थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतील बाष्प बसते आणि काळा रंग राखाडी, पांढरट दिसू लागतो. घासून उघडा पडलेला धातूही अशा हवेत काही तासांतच पुन्हा तांबूस होतो.

किनारपट्टीवर दिवाळीनंतरपासून शिमग्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. देशावर आणि विदर्भात पावसाची अडचण कमी असली, तरी मे महिन्यातील दुपार टाळावी, कारण पारा चाळिशीपलीकडे गेला की स्प्रेचा तुषार रिमपर्यंत पोचण्याआधीच हवेत सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत लागतो. सकाळी ऊन अंगावर आल्यानंतर आणि वारा सुटण्याआधी जो वेळ मिळतो, तो रंगासाठी राखून ठेवावा. पहाटे मात्र धातूवर दव असते.

चारही चाके एकदम काढावीत का?

तशी गरज नाही, आणि एका जॅकवर ते शक्यही नाही. एक चाक काढावे, त्याच्या जागी स्टेपनी लावावी, गाडी पुन्हा स्वतःच्या चाकांवर उभी करावी आणि काढलेले चाक सवडीने रंगवावे. स्टेपनी इतर चाकांपेक्षा लहान मापाची असल्यास तेवढ्या दिवसांत गाडी जागेवरून हलवू नये.

गाडी सपाट, कठीण जमिनीवर असावी. हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये टाकावी आणि तिरप्या कोपऱ्यातील चाकाला पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, त्यामुळे मागचे चाक उचलताना या ठोकळ्यांचे महत्त्व आणखी वाढते. नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्यावेत. चाक काढून गाडी तशीच अधांतरी ठेवायची असल्यास ती लोखंडी घोडीवर टेकवावी. गाडीसोबत मिळणारा जॅक केवळ चाक बदलण्यापुरता असतो.

घासण्याआधी धुणे खरोखर आवश्यक आहे का?

होय, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात. तेल, डांबर आणि मीठ अंगावर असताना पॉलिश पेपर चालवला, की ते सर्व घासलेल्या ओरखड्यांत अधिक खोल जाते. डांबराचे ठिपके रॉकेलने काढावेत, रॉकेलचा तेलकटपणा डिटर्जंटच्या पाण्याने आणि जुन्या ब्रशने घालवावा, आणि मग भरपूर गोड्या पाण्याने रिम खळखळून धुवावी. समुद्रकाठच्या गावांत या शेवटच्या धुण्यात कंजुषी करू नये. गंजाच्या खड्ड्यांत मिठाचा अंश राहिला, तर तो रंगाच्या थराखाली ओलावा ओढून घेतो आणि वर्षभरात फोड येतात. विहिरीचे पाणी मचूळ असेल, तर अखेरचे धुणे नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करावे.

टायर चमकवण्यासाठी जे पॉलिश लावतात, त्यात बहुधा सिलिकॉन असते, आणि रंगाचा त्याच्याइतका चिवट वैरी दुसरा नाही. त्याचा अदृश्य अंश रिमवर राहिला, तरी ओला रंग तेथून मागे सरतो आणि वाटोळे खड्डे पडतात. रंगकामाच्या आधी काही आठवडे ते पॉलिश लावूच नये. धुऊन-घासून झाल्यावर थिनरने भिजवलेल्या स्वच्छ सुती कापडाने रिम पुसावी, लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून घ्यावी, आणि त्यानंतर तिला उघड्या हाताने स्पर्श करू नये.

गंज किती काढावा, आणि कशाने?

सुटा असलेला सगळा गंज निघालाच पाहिजे. जुना रंग जेथे घट्ट आहे तेथे तो मुळापर्यंत काढण्याची आवश्यकता नाही. त्याची चमक मारली आणि कड उतरती केली, म्हणजे नवा थर त्याला धरतो. गंजलेल्या जागी तारेचा ब्रश आणि ८० नंबरचा कागद, नंतर १८० किंवा २२०, आणि प्रायमरपूर्वी सगळ्या रिमवर ३२० असा क्रम ठेवावा. ड्रिलला बसणारा तारेचा वाटी-ब्रश काम झटपट करतो, परंतु त्याच्या तारा तुटून उडतात, म्हणून बंद कडांचा गॉगल आणि जाड हातमोजे घातल्याशिवाय तो चालवू नये. धुळीसाठी चांगला मास्क वापरावा. तोंडाला बांधलेल्या रुमालातून बारीक धूळ आत जातेच.

ठिपक्यांच्या तळाशी उरलेल्या गंजासाठी फॉस्फोरिक आम्ल असलेले गंज-निवारक द्रव हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ते गंजाचे फॉस्फेटमध्ये रूपांतर करते. बाटलीवर धुवायला सांगितले असेल तर धुवावे आणि लगेच, पूर्णपणे कोरडे करावे. फरशी आणि संडास साफ करण्याचे आम्ल मात्र कोणीही कितीही खात्रीने सुचवले, तरी वापरू नये. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते. गंज झटकन उतरवते खरे, पण मागे क्लोराइड ठेवून जाते, म्हणजे जे मीठ धुऊन काढण्यासाठी खटाटोप केला तेच पुन्हा रिमवर बसते.

खड्डे बुजवण्यासाठी लांबी (पुट्टी) लावावी का?

शक्यतो लावू नये. चाक वळते, आपटते, तापते आणि गार होते, त्यामुळे जाड लांबी तडकून निघते. उथळ ठिपके प्रायमरच्या दोन-तीन हातांनी आणि मधल्या घासणीने बऱ्यापैकी भरतात. रिमच्या कडेला मोठा पोचा असेल, तर ती लांबीने गोल दाखवण्यापेक्षा रिम सरळ करणाऱ्या कारागिराकडे न्यावी.

प्रायमर कोणता घ्यावा?

उघड्या धातूसाठी दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर सर्वांत सरस. तो धातूला घट्ट धरतो आणि ओलावा आत जाऊ देत नाही. ब्रशने लावता येतो, मात्र हार्डनर, म्हणजे रंग कठीण करणारा दुसरा भाग, मिसळल्यावर ठरावीक वेळेत संपवावा लागतो, म्हणून चार चाकांचे एकदम कालवून ठेवू नये. त्याखालोखाल झिंक फॉस्फेट असलेला रेड ऑक्साइड प्रायमर. तो स्वस्त आहे, गावोगाव मिळतो आणि एनॅमल रंगाखाली उत्तम चालतो. डब्यावर झिंक क्रोमेट लिहिलेले असेल, तर तो टाळावा, कारण क्रोमेटची धूळ आणि तुषार कर्करोगाला कारण ठरू शकतात. स्प्रेच्या डब्यातील प्रायमर सोयीचा असला तरी थर पातळ बसतो, म्हणून त्याचे किमान दोन-तीन हात द्यावेत.

रंग कोणता : डब्यातला एनॅमल, स्प्रे की पी.यू. (पॉलियुरेथेन)?

गेटला किंवा ग्रिलला लावतो तो सिंथेटिक एनॅमल स्टीलच्या रिमला चांगला चालतो, हे सांगितले की अनेकांना खरे वाटत नाही. मऊ ब्रशने, थोडा पातळ करून दिलेले दोन हात चार पावले लांबून स्प्रेसारखेच दिसतात. खडीचा मार ते चांगला सोसतात आणि पुढे टवका उडाला तर तेवढ्याच जागी ब्रश टेकवता येतो. उणीव एकच, तो सावकाश वाळतो. एक रात्र गेल्यावर दुसरा हात द्यावा आणि कठीण होण्यासाठी आठवडाभर थांबावे. तबकडीच्या मागच्या बाजूला तर एनॅमलच लावावा, तेथे स्प्रेची किंमत वाया जाते.

स्प्रेचा रंग लवकर सुकतो आणि गुळगुळीत बसतो. फक्त तो एनॅमलवर मारू नये. स्प्रेमधील तीव्र थिनर खालच्या एनॅमलला फुगवतो आणि पृष्ठभाग सुरकुततो, मग सगळे खरवडून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आधीचा रंग कोणता आहे हे ठाऊक नसेल, तर आतल्या बाजूच्या एका कोपऱ्यात थोडा स्प्रे मारून तासभर वाट पाहावी.

हार्डनर घालून मारायचा पी.यू. रंग टिकाऊपणात या दोहोंच्या पुढे आहे. परंतु त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, त्यांचा तुषार फुप्फुसात गेला तर कायमचा दमा जडू शकतो, आणि त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तेव्हा पी.यू. हवाच असेल, तर घासण्यापर्यंतचे काम घरी करून फवारणी योग्य साधने असलेल्या गॅरेजकडे सोपवावी.

छटेविषयी बोलायचे, तर चंदेरी रंगावर चिखल आणि ब्रेकची धूळ कमी उठून दिसते. काळा पहिल्याच पावसात तांबड्या मातीचे शिंतोडे दाखवतो, पण टवके लपवतो. चंदेरी स्प्रेवर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, आवश्यक आहे, नाहीतर त्याची भुकटी हाताला लागत राहते.

ब्रेक तापतात, मग उष्णतारोधक रंग घ्यावा का?

नको. इंजिनाच्या नळ्यांसाठीचे सिलिकॉनयुक्त रंग भट्टीसारखी उष्णता मिळाल्यावरच कठीण होतात. रोजच्या वापरात रिम तेवढी तापत नाही, त्यामुळे हा रंग मऊच राहतो आणि पेट्रोलच्या थेंबानेही निघतो.

टायरवर रंग उडू नये म्हणून काय करावे?

टायरमधील हवा बरीचशी सोडली, की रिमची कड आणि रबर यांच्यामध्ये पत्ते खोचता येतात. खेळण्याचा जुना कॅट एका चाकाला पुरतो. जुन्या लग्नपत्रिकाही तितक्याच उपयोगी पडतात आणि त्यांचा कोणत्याच घरात तुटवडा नसतो. पत्ते एकमेकांवर थोडे चढवून खोचावेत, बाकीच्या टायरवर वर्तमानपत्र अंथरावे आणि व्हॉल्व्हला मास्किंग टेप गुंडाळावा. शेवटचा हात पुरता कडक होण्याआधीच पत्ते अलगद ओढावेत, म्हणजे कडेचा रंग सोलत नाही.

स्प्रे मारण्याची पद्धत कोणती?

डबा एक-दोन मिनिटे हलवावा. साधारण २० ते २५ सेंटीमीटर अंतर ठेवून, रिमच्या बाहेर बटण दाबून हात आत न्यावा आणि पलीकडे गेल्यावरच सोडावे. पहिला हात इतका विरळ असावा की खालचा प्रायमर दिसत राहील. त्याने पुढच्या थराला पकड मिळते. दोन हातांमध्ये १० ते १५ मिनिटे, किंवा डब्यावर जे सांगितले असेल तेवढे थांबावे. चाक आडवे ठेवल्यास ओघळ येण्याची भीती कमी होते. झरोक्यांच्या कडा आणि नटांच्या खोबणी पहिल्यांदा तिरप्या हाताने मारून घ्याव्यात, मग सपाट भाग. त्या शेवटी मारायला गेले, की सपाट भागावर नकळत जाड थर साचतो. ओघळ आलाच, तर ओला असताना त्याला हात लावू नये. पूर्ण वाळल्यावर ६०० नंबरच्या वॉटर पेपरने तो उतरवावा आणि वर एक हात द्यावा.

दर्शनी बाजूसाठी ४०० मिलिलिटरचा एक डबा साधारणपणे दोन चाकांना पुरतो. चारही चाकांचे डबे एकाच दुकानातून, शक्य तर एकाच बॅचचे घ्यावेत.

रिमच्या कोणत्या भागाला रंग लागता कामा नये?

या उत्तराचा संबंध थेट सुरक्षिततेशी आहे. तबकडीची मागची सपाट बाजू जेथे हबवर (चाक ज्यावर बसते त्या गाडीकडच्या भागावर) टेकते तो भाग आणि नट ज्यात बसतात त्या उतरत्या खोबणी, या दोन ठिकाणी रंगाचे थर नसावेत. चाक जागेवर धरून ठेवते ती नट आवळल्यावर निर्माण होणारी पकड. धातू आणि धातू यांच्यामध्ये रंगाचा मऊ थर असला, की तो काही किलोमीटर धावल्यावर दबतो, चुरतो, आणि नट न फिरताही ती पकड कमी होते. पुढे नट खरोखरच सैल पडतात.

म्हणून हबवर टेकणारा भाग मास्किंग टेपने झाकावा आणि खोबणींत जुने नट ठेवून किंवा कागदाचे बोळे खोचून त्या वाचवाव्यात. थोडा तुषार गेलाच, तर थिनरच्या कापडाने पुसून काढावा. या उघड्या भागांवर गंज नको म्हणून प्रायमरचा अतिशय पातळ हात पुरे. हबच्या मधल्या उंचवट्यावर बोटाने ग्रीसचा पातळ थर फिरवला, तर पुढच्या वेळी चाक हबला चिकटून बसत नाही. स्टडच्या (नट ज्यावर फिरतात त्या दांड्यांच्या) आट्यांना आणि ब्रेकला मात्र ग्रीस लागू देऊ नये.

चाक पुन्हा कधी आणि कसे बसवावे?

स्प्रेचा रंग असल्यास किमान एक पूर्ण दिवस, एनॅमल असल्यास त्याहून बराच जास्त काळ थांबावे. टायरमध्ये हवा भरून घ्यावी. नट आधी हाताने फिरवावेत, समोरासमोरच्या जोड्यांनी आवळावेत, गाडी खाली उतरवावी आणि अखेरची आवळणी टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, करावी. बहुतेक लहान गाड्यांसाठी ही आवळणी ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. पान्यावर उभे राहून आवळणे हा आपल्याकडचा आवडता प्रकार आहे, पण त्याने स्टड ताणले जातात. ५० ते १०० किलोमीटर गाडी चालली, की नट पुन्हा तपासावेत. नव्याने रंगवलेल्या रिमच्या बाबतीत हे टाळता येण्यासारखे नाही.

व्हील कव्हर आठवडाभर लावू नये. त्याच्या क्लिपा कोवळ्या रंगावर गोल चरा पाडतात, आणि पुढचा गंज नेमका त्या चऱ्यातून सुरू होतो.

बॅलन्सिंग पुन्हा करावे लागेल का?

रंगाच्या वजनाने फरक पडत नाही. पण घासताना चाकाचा तोल साधण्यासाठी कडेला लावलेली छोटी वजने काढली असतील किंवा टायर उतरवला असेल, तर करावेच लागेल. वजनांवरून रंग फिरवून मोकळे होऊ नये, कारण पुढे वजन निघाले की तेथे उघडा धातू राहतो.

पावडर कोटिंग करून घेणे अधिक चांगले नाही का?

टायर काढलेलाच असेल आणि जवळपास विश्वासू कारागीर असेल, तर निश्चितच. त्यात कोरडी पावडर विजेच्या भाराने रिमवर बसवून साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळवतात. थर कठीण आणि एकसारखा बसतो. तो जाडही असतो, म्हणून वर सांगितलेले दोन्ही भाग झाकायला कारागिराला आधीच बजावावे. फर्निचरचे काम करणाऱ्याला ही गरज आपणहून सुचेलच असे नाही.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्प्रे मारला तर चालेल का?

बंदिस्त तळघरात मुळीच मारू नये. स्प्रेच्या डब्यातील वायू ज्वालाग्राही असतो आणि जड असल्याने जमिनीलगत साचतो. उघड्या पार्किंगमध्येही तुषार बऱ्याच अंतरावर वाहत जातो, आणि शेजाऱ्याच्या पांढऱ्या गाडीवरचे काळे ठिपके हा सोसायटीच्या सभेत वर्षानुवर्षे पुरणारा विषय होतो. वरून उघडी गच्ची, तीन बाजूंनी जुनी चादर आणि जवळपास शेगडी किंवा समई नाही, अशी जागा निवडावी.

उरलेला थिनर आणि चिंध्या यांचे काय करावे?

वापरलेला थिनर झाकण लावून स्थिर ठेवला, की गाळ तळाशी बसतो आणि वरचा स्वच्छ भाग ब्रश धुण्यासाठी पुन्हा वापरता येतो. गटारात किंवा झाडाच्या आळ्यात तो ओतू नये. स्प्रेचे डबे उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नयेत. एनॅमलने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकणे धोक्याचे आहे, कारण त्यातील तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्या हवेत एकेक पसरून कडक वाळू द्याव्यात आणि नंतरच घंटागाडीला द्याव्यात.